कागदावर फक्त तिची सही

मळ्यातून, सटाणा
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सायली हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं मी न सांगताच सृष्टीनं लिहून टाकलं. पत्राची सुरुवात तशीच करायची असते म्हणे. राहू दे. खोटं लिहिलंच आहे तर पुढे दुरुस्त करू.

तू म्हणशील, हातात फोन असताना आजीला पत्राचं खूळ कुठून आलं? अगं, फोन आला की तुझी आई तो स्पीकरवर टाकते. मागे मी तुला माझ्या पोटाची तक्रार सांगितली, तर दुसऱ्या दिवशी दूध घालणाऱ्यानं मला इसबगोल घ्यायला सांगितलं. म्हणून हे पत्र. मी बोलते आणि तुझी भावजय लिहिते. मी अहिराणीत 'शे' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. त्यामुळे पत्रातली आजी तुला जरा शिकलेली वाटेल. फार हुरळून जाऊ नकोस.

कांदा काढायला आला आहे. तुझी आई बायकांबरोबर दिवसभर रानात असते आणि तुझा बाप जयराम मार्केटच्या चकरा मारतो. रुद्रला आठवा महिना सरत आला. दोन दात आलेत आणि ते धारेला लागलेत की नाही हे तो माझ्या बोटावर तपासतो.

आता खरं सांगते. लिहिणारीचा हात थांबला आहे. मी म्हटलं, लिही बाई, तुझंच तर आहे. सायले, सृष्टीला पुन्हा दिवस गेलेत. दहावा आठवडा आहे. रुद्रच्या वेळी पोट फाडावं लागलं, त्या टाक्यांवर अजून तिचा हात जातो. जिना चढली की भिंत धरते. हे मूल तिला आत्ता नको आहे. हे वाक्य तिनं दोनदा खोडलं. मला वाचता येत नाही, पण पेन आडवा चालला की खोडतेय एवढं कळतं. तिसऱ्यांदा लिहायला लावलं.

तिनं रोहितला फोनवर सांगितलं. तुझा भाऊ नाशिकला अंबडच्या कंपनीत एवढाली मशीनं फिरवतो, पण घरातलं काही विचारलं की आईला विचार म्हणतो. आईला विचारलं. आई म्हणाली की एकावर एक वाढून जातात, दोन्ही एकदमच मोठी होतील, आणि आपल्या घरात असलं कधी झालेलं नाही. एवढं बोलून ती विळा घेऊन रानात गेली.

मग ही पोर एकटीच गावातल्या एका खाजगी दवाखान्यात जाऊन आली. तिथल्या कंपाउंडरनं भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की हे सगळं सरकारनं बंद केलंय, गुन्हा आहे, तरी नवरा आणि सासू यांना सहीला घेऊन आलीस तर डॉक्टरांना विचारून बघतो. गुन्हा असेल तर सह्या घेऊन तो कमी होतो का, हे मला कळलं नाही. बरं आहे मला वाचता येत नाही. पाटीनं मला आजवर कधी घाबरवलेलं नाही.

आणि आता जे सांगते त्यासाठीच हे पत्र आहे. परवा रुद्रच्या पावडरच्या डब्यात मला एक पुडी सापडली. आत गोळ्या. एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता, कागदात बांधून दिलेल्या. कधी, किती घ्यायच्या, हे बोटं मोजून सांगितलं म्हणे. त्या गोळ्या आता माझ्या कनवटीला आहेत आणि अंघोळीलाही मी त्या सोडत नाही. पण मेडिकलचं दुकान काही मला कनवटीला बांधता येत नाही.

तू जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात हेच आकडे लिहायला बसतेस ना? मग सांग, हे खरंच बंद झालंय का? पूर्वी चालायचं. मला कसं ठाऊक ते पुढे कधीतरी. नवऱ्याची सही लागते का? उत्तर माझ्या नावानं टाक. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा तुझी आई रानात असते.

(ताई, मी सृष्टी. गोळ्या घेणारच होते असं नाही. पण घेणार नव्हते असंही नाही.)

तिनं काय घुसडलं ते मला वाचून दाखवायला ती तयार नाही. जे असेल ते खरं मान.

तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी आजी,
चांगुणा


नाशिक
२२ फेब्रुवारी २०२५

ती. आजीच्या पायांवर डोकं ठेवून सायलीचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि पोटाच्या तक्रारीपर्यंत एवढी हसले की शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णी मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं. पुढचं वाचून मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

आधी उत्तर देते. बंद झालेलं नाही. गुन्हाही नाही. ती पाटी वेगळ्या कायद्याची आहे. मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे, पाटीवर तेच लिहिलेलं असतं. पण लोक एक पाटी वाचतात आणि दोन कायदे समजतात. शिकलेलेही ही चूक करतात आणि काही जण मुद्दामही करतात.

गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १९७२ च्या एप्रिलपासून लागू आहे. मधे त्यात बदल झाले, शेवटचा मोठा बदल २०२१ साली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे चोवीसपर्यंत दोन डॉक्टर लागतात आणि तेही ठरावीक कारणांसाठी. सृष्टी त्याच्या फार अलीकडे आहे. बाईच्या तब्येतीला धोका असेल, किंवा दिवस जाऊ नयेत म्हणून घेतलेली काळजी फसली असेल, तर ती कारणं कायदा मानतो. आणि आजी, सही. बाई अठरा वर्षांच्या वरची असेल तर सही फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. त्या कागदावर त्यांच्यासाठी जागाच छापलेली नाही. काही दवाखाने मागतात, ते त्यांच्या मनानं.

गोळ्यांचं तू केलंस ते फार चांगलं केलंस. गोळ्यांनी करायचं ते नऊ आठवड्यांच्या आत आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. सृष्टीचे दिवस त्याच्या पुढे गेलेत, शिवाय आठ महिन्यांपूर्वीचं सिझर. दुकानातल्या माणसानं बोटं मोजून सांगायची ही गोष्ट नाही.

तू माझ्या आकड्यांचं विचारलंस म्हणून सांगते. दर महिन्याला मान्यताप्राप्त दवाखाने आमच्याकडे तक्ता पाठवतात. किती बायका, किती आठवडे, कुठल्या कारणानं. नाव कधीच येत नाही. नाव दवाखान्याच्या बंद रजिस्टरात राहतं आणि ते बाहेर सांगणं हाच गुन्हा आहे. मी त्या तक्त्यांची बेरीज करते. पाच वर्षं करतेय आणि मला वाटायचं की मला या विषयातलं सगळं माहीत आहे. पण काही वर्षांपूर्वी अभ्यासकांनी अंदाज काढला होता की देशात वर्षाला दीड कोटीच्या वर गर्भपात होतात आणि चारांतले जवळजवळ तीन दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. त्या बायका माझ्या बेरजेत नसतात. तुझं पत्र आल्यापासून मला बेरजेपेक्षा रुद्रचा पावडरचा डबाच जास्त दिसतोय.

मी इथल्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंशी बोलून ठेवलं आहे. सोमवारी, ३ मार्चला या. सृष्टीचं आधार कार्ड आणि सिझरचे कागद आणा. माझं नशीब बघ, त्याच आठवड्यात मला पुण्याला ट्रेनिंग आहे. माझ्या खोलीची किल्ली घरमालकीणबाईंकडे ठेवते.

पण आजी, एक गोष्ट सृष्टीलाच वाचू दे: तुझं मन बदललं, तर तेही चालतं. शेवटच्या मिनिटापर्यंत चालतं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सायली


मळ्यातून, सटाणा
२६ फेब्रुवारी २०२५

चि. सायली हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र सृष्टीनं मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मी मागितलंही नव्हतं. सहीच्या ओळीपाशी तिचा आवाज दर वेळी जरा मोठा होत होता.

आम्ही येतोय. घरात सांगितलं आहे की माझ्या डोळ्याला पडदा आलाय आणि नाशिकला दाखवायचाय, सोबतीला सृष्टी लागेल, आणि रुद्र अंगावर पितो म्हणून तोही. तुझ्या आईला पटावं म्हणून मी दोन दिवस चहाची कपबशी चाचपडत घेते आहे. काल तर मी जयरामला रोहित म्हणून हाक मारली. तो घाबरला बिचारा.

आता मला कसं ठाऊक ते. हे मी तुला सांगते आहे, पण ऐकायचं आहे ते लिहिणारीनं. म्हणून सावकाश सांगते.

मला एक मोठी बहीण होती, बायडा. देवळ्याकडे दिलेली. पाच लेकरं झाली होती आणि सहाव्याची चाहूल लागली. जयराम तेव्हा माझ्या पोटात होता. तू म्हणतेस तो कायदा अजून आलेला नव्हता. बायडा एका सुईणीकडे गेली. सुईणीनं झाडाची काडी घातली. चौथ्या दिवशी तापात बायडा गेली. लोक म्हणाले बाहेरची बाधा झाली. मी तिला अंघोळ घातली, मला ठाऊक होतं काय झालं ते. पण तोंडातून शब्द काढला नाही, कारण तिच्या पोरींची लग्नं व्हायची होती.

मग मोठा दुष्काळ पडला, तो सरला, आणि एक-दोन वर्षांनी मला पाचव्यांदा दिवस गेले. जयराम तेव्हा चार वर्षांचा. माझं अंग असं झालं होतं की पाण्याचा हंडा उचलला की डोळ्यांपुढे काळं व्हायचं. मला रोज बायडा दिसायची. रेशनच्या रांगेत एक मास्तरीणबाई होत्या, त्या बोलता बोलता बोलून गेल्या की सरकारनं आता दवाखान्यातच सोय केली आहे. बस, तेवढं ऐकलं. तुझ्या आजोबांना, सावळीरामला, सांगितलं की दाढ काढायला नाशिकला जाते.

तिथे एक सिस्टर होती, केरळकडची असावी. तिचं मराठी अगदी मोडकं. त्यामुळे तिला घोळवून बोलता येत नव्हतं. तिनं सरळ विचारलं की मूल तुला पाहिजे की नको. सायले, चांगलं मराठी येणाऱ्या एवढ्या माणसांत मी वाढले, नांदले, पण तुला काय पाहिजे असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मला आधी प्रश्नच कळेना. मग कळला तेव्हा मी रडले. तिला वाटलं मी घाबरले. तिनं माझा अंगठा घेतला, माझ्या एकटीचा, आणि शाई स्वतःच्या रुमालानं पुसून काढली. त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही. देवापुढे दिवा लावते तेव्हा सगळ्यांची नावं घेते आणि शेवटी 'ती सिस्टर' म्हणते.

घरी आल्यावर आठ दिवस गाल धरून बसावं लागलं. सावळीराम रोज मऊ भात करायला सांगायचा. रिकामं झालं होतं पोट आणि मऊ भात खाल्ला तो गालासाठी. दाढ तर जागच्या जागी होती, ती पुढे वीस वर्षांनी पडली. तो गेला तोवर त्याला हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असेल तर ते मला ठाऊक नव्हतं.

लिहिणारी नाक ओढते आहे. कागद ओला झाला तर मला बोल लावू नकोस.

आहे तो जिव्हाळा राहू दे.

तुझी आजी,
चांगुणा


मळ्यातून, सटाणा
१२ मार्च २०२५

चि. सायली हिस आजीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

आज अक्षर वेगळं दिसेल. सृष्टीला मी पडून राहायला सांगितलं आहे, म्हणून पेन तुझ्या आईच्या हातात दिला. कलाबाई सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि तिचं अक्षर सुनेपेक्षा गोल आहे असं ती स्वतःच सांगते. तिला वाटतंय की मी तुला डोळ्याचं लिहायला सांगणार.

तर कलाबाई, लिही. माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही.

पेन थांबला. थांबू दे. मला घाई नाही, कांदा आता साठवणीच्या चाळीत गेला आहे. तोंडावर सांगितलं असतं तर ही उठून रानात गेली असती. पेन हातात असला की माणसाला उठता येत नाही. मी तिला म्हटलं की आधी लिहून घे आणि मग रागव, राग काही नासत नाही.

हां, चालू झाला.

आम्ही डोळ्यासाठी नाही, सृष्टीसाठी गेलो होतो. तिच्या पोटातलं तिला नको होतं, ते काढायला. मी नेलं. सायलीनं सांगितलं म्हणून नव्हे आणि सृष्टीनं हट्ट केला म्हणूनही नव्हे. तिच्याजवळ गोळ्यांची पुडी होती म्हणून. ती पुडी मी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली आणि माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले. मला वाटलं तिथली तशी पद्धत आहे.

बसमध्ये सृष्टीनं रोहितला फोन लावला होता. मी नको म्हणत होते. पण तिनं त्याला सांगितलं की ती विचारत नाही, कळवते आहे, आणि त्याला यायचं असेल तर त्यानं यावं. तो आला. कंपनीच्या निळ्या कपड्यांत, अर्धी सुट्टी टाकून. आल्या आल्या सही कुठे करायची म्हणून खिशातला पेन काढला. सिस्टरनं सांगितलं की साहेब, तुमची लागत नाही. कलाबाई, तुझ्या लेकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बारशाला बोलावलं आणि ताट वाढलं नाही असं. मग रुद्र त्याच्या मांडीवर दिला, तेव्हा त्याच्या हाताला काम मिळालं. तीन तास तो पोराला घेऊन व्हरांड्यात फिरत होता. मी त्याला जे काय बोलले आहे पहिल्या पत्रात, त्यातलं अर्धं परत घेते.

आता माझी फजिती. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला, सगळा वाचून दाखवला. शेजारी शाईची डबी होती. सायले, बँकेत, रेशनला, पीकविम्याला, साठ वर्षं शाई दिसली की माझा अंगठा आपोआप उठतो. तो उठला, आणि सृष्टीच्या नावापुढे जाऊन बसला! जी बाई आठवडाभर सांगत होती की सही फक्त तिची, तिनंच अंगठा लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आजी, तुम्हाला या वयात याची गरज पडणार नाही. नवा कागद काढावा लागला.

मग त्यांनी मला आणि रोहितला बाहेर काढलं. मला राग आला. एवढ्या लांबून मी घेऊन आले आणि मलाच बाहेर? मग बाकावर बसल्यावर उमगलं. त्यांना सृष्टीला एकटीला विचारायचं होतं की हे तुझ्या मनानं आहे ना, कोणी ढकललेलं नाही ना. त्या 'कोणी'मध्ये मीही आले. मी चांगली आजी असेन, पण मीसुद्धा घरचीच. माझ्यापासूनही तिला आडोसा दिला त्यांनी. सायले, त्या बंद दारापुढे बसून मला जेवढं बरं वाटलं तेवढं देवळात वाटत नाही.

सृष्टीनं सही केली. 'सृष्टी रोहित देवरे' अशी. नवऱ्याची सही नको म्हणतात, तरी त्याचं नाव मधे बसतंच. संध्याकाळी तुझ्या खोलीवर आलो. तिनं पावभाजी मागितली आणि माझ्यातली अर्धी खाल्ली. आता तिला बरं आहे. परवा फोनवर तुझ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्यांनाही तसंच सांगितलं. चार दिवसांपूर्वी ती जिना भिंत न धरता चढली.

कलाबाई, तुला न सांगता केलं याची चूक माझी, तिची नाही. बोलायचं असेल तर मला बोल, मला कमी ऐकू येतं. मीही एकदा गेले होते, जयराम चार वर्षांचा असताना. ते सायलीला आधीच्या पत्रात सांगितलंय, तुला जेवताना सांगेन. मी परत आले म्हणून जयरामला आई राहिली, आणि म्हणून तुला ही खाष्ट सासू मिळाली. त्या कायद्याचा हा एक तोटा झाला खरा.

सायले, तुझे तक्ते लिहीत जा. त्यातल्या एकेका आकड्यामागे एक बाई चालत आत गेली आणि चालत घरी आली, असं समजून बेरीज करत जा.

तुझं प्रेम असंच माझ्या वाट्याला येत राहो.

तुझी आजी,
चांगुणा

ता. क. सायली, हे आई लिहिते. आजी जेवून पडल्या आहेत. पाकीट चिकटवायच्या आधी एवढंच. तू पाच वर्षांची असताना मी देवळ्याला तुझ्या मावशीकडे चार दिवस गेले होते, रोहितला घेऊन. तू मागे रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. मावशीकडे रोहित चार दिवस होता. मी एकच दिवस होते. बाकीचे तीन दिवस मी एका दवाखान्यात होते आणि माझ्याबरोबर कोणीच नव्हतं. परत येताना स्टँडवर बसायला जागा नव्हती, उभीच होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. सृष्टीबरोबर आजी गेल्या, रोहित गेला, बरं झालं. शिरा केला आहे. आता तो घेऊन तिच्याकडे जाते आणि दार लावून तिला हे सांगते.